आयेल्ट्सचं रीडिंग घरी घोटायचं असेल तर

पहिल्यांदा आयेल्ट्स, म्हणजे परदेशी शिकायला जायचं तर लागते ती इंग्लिशची परीक्षा, दिली तेव्हा मला रीडिंगला नऊपैकी ६ बँड पडले. बाकी तिन्ही सेक्शनला, म्हणजे लिसनिंग, रायटिंग आणि स्पीकिंगला, साडेसहा किंवा वर होते, पण मला ज्या युनिव्हर्सिटीत जायचं होतं तिथं कुठल्याच सेक्शनला ६.५ च्या खाली चालणार नव्हतं, म्हणजे फी परत भरा, तारीख परत घ्या, घरच्यांचे चेहरे परत बघा. आणि असं नव्हतं की अभ्यास केला नव्हता. परीक्षेआधी दीड महिना रोज एक प्रॅक्टिस टेस्ट, जवळजवळ चाळीस झाल्या असतील, सोडवायची, उत्तरं तपासायची, २४, २५, २३, परत २५, आकडा वहीत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढची. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या वेळेला दोन महिन्यांत फक्त अकरा टेस्ट सोडवल्या आणि ७.५ आले. दोन महिन्यांत काही माझं इंग्लिश एवढं सुधारलं नव्हतं, बारावीपर्यंत मराठी मिडियम, तेच इंग्लिश होतं. बदललं ते टेस्ट संपल्यानंतर मी काय करायचे ते. मुख्य सांगायचंय ते हेच, पण आधी पेपर कसा असतो ते पटकन बघू कारण बऱ्याच जणांना तिथंच गोंधळ असतो.

मी बोलतेय ते अ‍ॅकॅडमिकबद्दल, म्हणजे कॉलेज अ‍ॅडमिशनला लागते ती. तीन पॅसेज, ४० प्रश्न, ६० मिनिटं. तिन्ही मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द. पेपरवर असो की कॉम्प्युटरवर, रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही जागा मोकळी सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. चाळीसपैकी साधारण २३ बरोबर आले की ६ बँड, ३० ला ७, ३५ ला ८, पेपर सोपा-अवघड असेल तसं एखादा मार्क इकडेतिकडे. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, रिझल्टवर फक्त बँड येतो, कुठला प्रश्न चुकला ते तुम्हाला कधीच कळत नाही. म्हणजे काय चुकतंय ते शोधायची जागा एकच, तुमची घरची टेस्ट.

आधी स्वतःचा स्पीड मोजा

यूट्यूबवर अर्धे लोक ओरडून सांगतात की पॅसेज वाचूच नका, डायरेक्ट प्रश्नावर जा, कीवर्ड शोधा. मी पण तेच करायचे. मग एकदा बसून हिशोब केला. समजा २,७०० शब्द आहेत आणि तुम्ही मिनिटाला १५० शब्द समजून वाचता, तर सगळे पॅसेज एकदा पूर्ण वाचायला लागतात १८ मिनिटं. उरली ४२ मिनिटं, ४० प्रश्नांना. जमण्यासारखं आहे की! पण तुमचा स्पीड मिनिटाला ९० असेल तर वाचण्यातच अर्धा तास जातो, मग मात्र ओढाताण होणारच. म्हणून पहिलं काम, साधारण ४५० शब्दांचा एखादा इंग्लिश लेख घ्या, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, वाचा, आणि वाचून झाल्यावर मराठीत कुणाला तरी सांगा त्यात काय होतं. सांगता आलं नाही तर तो स्पीड धरायचा नाही. माझा पहिल्यांदा आला ११० आणि मला वाटायचं मी फास्ट वाचते.

स्पीड वाढवायला काय वाचायचं तर सगळे सांगतात रोज इंग्लिश पेपर वाचा. वाचा, पण कुठली बातमी ते महत्त्वाचं आहे. अपघात, राजकारण, क्रिकेट यातलं इंग्लिश आयेल्ट्सला फारसं उपयोगी नाही, तिथं येतात शेती, प्राणी, जुने शोध, मेंदू, भाषा, इमारती असल्या विषयांवरचे लांब लेख. त्यासाठी डाउन टू अर्थ, बीबीसीचे फीचर लेख, द कॉन्व्हर्सेशन हे बरे पडतात आणि फुकट वाचायला मिळतात. रोज एकच लेख, पण पूर्ण. आणि तो मोबाईलवर नको, परीक्षा कॉम्प्युटरवर देणार असाल तर लॅपटॉपवरच वाचा, कारण तिथं स्क्रीनच्या डाव्या बाजूला पॅसेज आणि उजवीकडे प्रश्न असतात आणि डोळ्यांना ती सवय लागायला वेळ लागतो.

मनातल्या मनात भाषांतर करू नका असं पण सांगतात. मला नाही पटत. शब्दाला शब्द असं भाषांतर नको हे खरं, पण एक पॅराग्राफ वाचून झाल्यावर त्याचं सार चार-पाच मराठी शब्दांत लिहायचं ही सवय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. "जुनी पद्धत, का बंद पडली". "प्रयोग केला, फसला". "दुसऱ्या शास्त्रज्ञाला पटत नाही". बास. पॅराग्राफला हेडिंग लावायचा जो प्रश्न असतो ना, ज्यात हेडिंग पॅराग्राफपेक्षा जास्त दिलेली असतात आणि सगळीच बरोबर वाटतात, त्याला हाच उपाय आहे. आधी स्वतःचं मराठी हेडिंग, मग त्यांच्या यादीत त्याच्या जवळचं कुठलं ते बघायचं. यादी आधी वाचली की डोकं फिरतं. आणि पहिल्या वाक्यावर भाळू नका, बऱ्याचदा पहिलं वाक्य लोकांचा जुना समज सांगतं आणि दुसरं वाक्य "हाउएव्हर" नं सुरू होतं, खरा मुद्दा तिथून पुढे असतो.

लांब वाक्यांचं काय करायचं

इथं आपली मराठी थोडी आडवी येते. आपण म्हणतो, "नदीकाठचे शेतकरी जी पद्धत शेकडो वर्षं वापरायचे ती बंद झाली". जी म्हटलं की आपला कान ती ची वाट बघत बसतो आणि क्रियापद शेवटी येणार हे माहीत असतं. इंग्लिशमधे हेच वाक्य असं येतं, "द मेथड विच द फार्मर्स हू लिव्ह्ड निअर द रिव्हर हॅड यूज्ड फॉर सेंच्युरीज वॉज अबँडन्ड". मेथड सुरुवातीला, अबँडन्ड पार शेवटी, मधे शेतकरी आले, नदी आली, शतकं आली, आणि तोवर आपण विसरलेलो असतो की गोष्ट मेथडची चालू होती. मग प्रश्न येतो, शेतकऱ्यांनी ती जागा सोडली का, आणि आपण खुशाल हो म्हणतो!

यावर प्रॅक्टिस अशी करा. रोजच्या लेखातली सगळ्यात लांब तीन वाक्यं काढा, वहीत उतरवा, "विच", "हू", "दॅट" पासून जो मधला तुकडा सुरू होतो त्याला कंस करा आणि कंस वगळून वाक्य वाचा. द मेथड वॉज अबँडन्ड. एवढंच. मग एकेक कंस परत आत घ्या. सुरुवातीला शाळेतलं वाक्यपृथक्करण आठवून कंटाळा येईल, मला पण आला, पण पंधरा-वीस दिवसांत डोळा आपोआप कंस करायला लागतो.

दुसरी गंमत म्हणजे आपल्याकडचा "म्हणे". "तो म्हणे दुबईला गेला" यात सांगणाऱ्यानं स्वतःचे हात झटकलेत हे लहान पोराला पण कळतं. इंग्लिशमधे हे काम करतात "इट इज बिलीव्ड", "रिपोर्टेडली", "सम आर्ग्यू दॅट" असले तुकडे, आणि "मे", "माइट", "लाइकली" म्हणजे आपलं "असेल बहुतेक". वाचताना हे दिसले की मी मनात म्हणे किंवा बहुतेक म्हणायचे. हसू येईल पण खरंच उपयोग होतो, कारण पॅसेज म्हणतो "म्हणे" आणि प्रश्न म्हणतो "सिद्ध झालंय", तिथं मार्क जातो.

ट्रू, फॉल्स आणि ते नॉट गिव्हन

सगळ्यात जास्त शिव्या खाणारा प्रकार. एक विधान दिलेलं असतं, पॅसेज तेच म्हणत असेल तर ट्रू, उलट म्हणत असेल तर फॉल्स, आणि त्याबद्दल काहीच बोलत नसेल तर नॉट गिव्हन. खरा पॅसेज इंग्लिशमधे असतो पण युक्ती मराठीतच समजून घेऊ, म्हणजे भाषेचा प्रश्न मधे येणार नाही. समजा पॅसेज असा आहे:

"बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर बसाल्ट खडकात आहे. ते ज्वालामुखीमुळे तयार झालं असावं असं पूर्वी अनेकांना वाटत होतं, पण पुढे मिळालेल्या पुराव्यांवरून ते उल्कापातानं झालं हे मान्य झालं. २०२० च्या जूनमधे सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणी केली तेव्हा हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचं दिसलं."

आता विधानं बघा. एक, लोणार ज्वालामुखीमुळे झालं असा एकेकाळी समज होता. ट्रू, सरळ आहे. दोन, लोणार ज्वालामुखीमुळे झालं हे आज मान्य झालेलं आहे. फॉल्स, कारण "पण" नंतरचं वाक्य उलट सांगतंय. शब्द बघा, दोन्ही विधानांत जवळजवळ तेच आहेत, म्हणून नुसते कीवर्ड शोधणारे इथं आपटतात. तीन, २०२० च्या आधी हे पाणी कधीच गुलाबी झालं नव्हतं. माझ्या मैत्रिणीनं याला ट्रू म्हटलं, पहिल्या वेळेला मी पण तेच म्हटलं असतं, कारण २०२० ला झालं असं लिहिलंय म्हणजे आधी नसणार असं आपण स्वतःच जोडून घेतो. पण पॅसेज आधीबद्दल काही बोलतच नाही. नॉट गिव्हन. चार, गुलाबी पाणी बघायला पर्यटकांची झुंबड उडाली. तुम्ही म्हणाल, अहो करोना होता, झुंबड कुठून, फॉल्स! तुमचं ज्ञान खरं असेल हो, पण पॅसेजनं पर्यटकांबद्दल चकार शब्द काढलेला नाही. नॉट गिव्हन.

मी स्वतःला लावलेला नियम एकच. फॉल्स लिहायचं असेल तर पॅसेजमधल्या एका वाक्यावर बोट ठेवून "हे बघ, इथं उलट लिहिलंय" असं म्हणता आलं पाहिजे. बोट ठेवायला जागाच सापडत नाही तर नॉट गिव्हन, आणि पुढे चला. हे प्रश्न पॅसेजच्याच क्रमानं येतात, त्यामुळे तिसऱ्याचं उत्तर मिळालं आणि पाचव्याचं मिळालं तर चौथ्याचं त्या दोघांच्या मधेच असणार, तिथं नसेल तर पूर्ण पॅसेज परत पिंजत बसू नका. मी एकदा एका नॉट गिव्हनच्या मागे सहा मिनिटं घालवली होती, जी गोष्ट तिथं नव्हतीच ती शोधण्यात. येस, नो, नॉट गिव्हन असा जो प्रकार येतो तो तसाच, फक्त तिथं माहितीऐवजी लेखकाचं मत विचारलेलं असतं.

गाळलेल्या जागा वगैरे

यात फार सांगण्यासारखं नाही पण फुकटचे मार्क इथंच जातात. "नो मोअर दॅन टू वर्ड्स" म्हटलं की जास्तीत जास्त दोन, तिसरा "द" जरी लिहिला तरी उत्तर गेलं. पॅसेजमधला शब्द जसाच्या तसा उचलायचा, अनेकवचनाचा एस विसरला किंवा स्पेलिंग चुकलं की शून्य. हायफनवाला शब्द एकच धरतात. जागा भरल्यावर पूर्ण वाक्य ग्रामरला बसतंय का ते एकदा वाचून बघा, तीन सेकंद लागतात. आणि "अमुक माहिती कुठल्या पॅराग्राफमधे आहे" हा प्रकार शेवटी ठेवा, त्याची उत्तरं क्रमानं नसतात, आणि बाकीचे प्रश्न सोडवता सोडवता निम्मा पॅसेज तसाही पाठ झालेला असतो.

वेळ म्हणाल तर २०-२०-२० असं सगळे सांगतात. बहुतेक वेळा तिसरा पॅसेज सगळ्यात अवघड असतो त्यामुळे मी वेळ १७, २०, २३ मिनिटं असा वाटून घ्यायचे. एका प्रश्नावर दीड मिनिट झालं की काहीतरी ठोकून पुढे.

आता खरं काम, टेस्ट संपल्यावर

पहिल्या वेळेला मी टेस्टला एक तास द्यायचे आणि तपासायला पाच मिनिटं. दुसऱ्या वेळेला टेस्टला एक तास आणि रवंथ करायला दोन ते तीन तास, कधी दोन दिवस. गाई-म्हशी भराभर खाऊन घेतात आणि मग निवांत बसून चघळतात, आपण खाल्लं की लगेच उठून दुसऱ्या शेतात. म्हणून तर आठवड्याला एक-दीड टेस्टच व्हायची. टेस्ट मात्र खरी घ्या, केंब्रिजचे जुने अधिकृत पेपर मिळतात, आयेल्ट्सच्या अधिकृत वेबसाइटवर पण फुकट नमुने आहेत. कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरच्या घरगुती टेस्टमधे उत्तरंच चुकीची असतात आणि नॉट गिव्हनमधे तर हमखास, मी अशा एका उत्तरावर एक अख्खी संध्याकाळ डोकं फोडलंय.

तर पद्धत. टेस्ट झाली की उत्तरं लगेच बघायची नाहीत. आधी घड्याळ बंद करून तेच ४० प्रश्न परत बघायचे, दुसऱ्या रंगाच्या पेननं, वाटेल तेवढा वेळ घेऊन, आणि प्रत्येक उत्तरासमोर पॅसेजमधली कुठली ओळ पुरावा आहे ते लिहायचं. मग तपासायचं. आता तुमच्याकडे दोन स्कोअर आहेत, घड्याळ लावून आलेला आणि बिनघड्याळाचा. माझा पहिला आला २५ आणि ३४. म्हणजे नऊ मार्क वेळेमुळे जात होते आणि सहा मला खरोखर कळत नव्हतं म्हणून. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत हो! ज्याचे दोन्ही स्कोअर २४-२५ आहेत त्यानं स्पीडच्या मागे लागून काय उपयोग, त्याला वाक्यंच कळत नाहीयेत, त्यानं वरचा कंसाचा उद्योग करायचा. आणि ज्याचे २५ आणि ३६ आहेत त्यानं व्होकॅब्युलरीची पुस्तकं कपाटात ठेवून रोज घड्याळ लावून एकेकच पॅसेज सोडवावा.

मग चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत घ्यायचा आणि शेजारी कारण लिहायचं, पण "सिली मिस्टेक" हे कारण चालणार नाही, माझ्या पहिल्या वहीत सगळीकडे तेच होतं. नीट लिहायचं. ओळ सापडली नाही. ओळ सापडली पण वाक्य उलगडलं नाही. वाक्य कळलं पण स्वतःच्या डोक्यातलं घुसडलं. म्हणे दिसलं नाही. सूचना वाचली नाही. तीन टेस्टनंतर वही उघडली तर "स्वतःच्या डोक्यातलं घुसडलं" हे इतक्या वेळा आलं होतं की मला लाज वाटली, आणि ते सगळं नॉट गिव्हनमधे होतं. चाळीस टेस्टमधे न कळलेली गोष्ट तीनमधे कळली.

त्याच वहीच्या मागच्या बाजूला जोड्या. प्रश्नात एक शब्द असतो, पॅसेजमधे दुसरा, तीच तर त्यांची खेळी आहे. प्रश्नात "शॉर्टेज", पॅसेजमधे "स्कार्सिटी". प्रश्नात "ग्रॅज्युअली", पॅसेजमधे "ओव्हर अ पिरियड ऑफ डेकेड्स". प्रश्नात "अनएक्स्पेक्टेड", पॅसेजमधे "टू एव्हरीवन्स सरप्राइज". डिक्शनरीतून शब्द पाठ करण्यापेक्षा या जोड्या भारी, कारण त्या पेपर काढणाऱ्यानं स्वतः केलेल्या असतात. टेस्टमागे आठ-दहा मिळतात. न येणारा प्रत्येक शब्द मात्र लिहीत बसू नका, कुठल्यातरी किड्याचं लॅटिन नाव आहे, ते तुम्हाला आयुष्यात परत लागणार नाही, तो एक किडा आहे एवढं कळलं तरी पुरे.

एक जोडीदार मिळाला तर फार बरं. मी आणि माझी रूममेट एकच पॅसेज वेगवेगळा सोडवायचो आणि जिथं उत्तर जुळत नाही तिथं भांडायचो, अट एकच, पुराव्याची ओळ दाखवायची, "मला असं वाटतं" चालणार नाही. तिचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं, कॉन्व्हेंटवाली, तरी निम्म्या वेळा ती हरायची कारण तिला वाटायचं जास्त.

शेवटच्या दोन आठवड्यांत एक बदल करा. परीक्षेत लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग सलग असतात, मधे सुट्टी नाही, म्हणजे तुम्ही रीडिंगला बसता तेव्हा साधारण अर्धा तास कान देऊन आधीच दमलेले असता. घरी मात्र आपण सकाळी फ्रेश होऊन, कॉफी घेऊन रीडिंग सोडवतो आणि ३२ आले म्हणून खूश. तर शेवटच्या दोन-तीन टेस्ट अशाच घ्या, आधी पूर्ण लिसनिंग, मग खुर्चीतून न उठता रीडिंग, पंखा आवाज करत असेल तर करू दे, शेजारी कुणी खोकत असेल तर उत्तम, तिथं पण खोकणारा एक असतोच. बाथरूमला जाऊ देतात पण घड्याळ थांबत नाही, त्यामुळे त्या सकाळी चहा एकच कप.